प्लेसमेंट फक्त विद्यापीठाच्या आवारापुरती का? कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
तसेच व्यवस्थापन परिषद आणि अधिसभेचे सर्व सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या कॅम्पस मुलाखतींबाबत आपल्या मध्यवर्ती प्लेसमेंट कक्षाचे परिपत्रक आमच्या महाविद्यालयात पोचले. नोंदणीसाठी पात्र कोण, तर विद्यापीठ परिसरातील शैक्षणिक विभागांचे विद्यार्थी. संलग्नित महाविद्यालयांसाठी अगदी शेवटी एक ओळ आहे : त्यांनी असे उपक्रम आपल्या स्तरावर राबवावेत व अहवाल सादर करावा. हे परिपत्रक मी सूचना फलकावर लावलेले नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी ते वाचून 'मॅडम, मग आमचे काय?' असे विचारले, तर त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. ते उत्तर आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र. आणि ते उघडपणे लिहिते आहे, कारण याच विषयावर प्राचार्यांमार्फत पाठवलेल्या पत्रांची पोच मिळते, उत्तर येत नाही.

मी तालुक्याच्या गावी एका कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्लेसमेंट सेलचा कार्यभारही माझ्याकडेच आहे. विद्यापीठाचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. इतर जिल्ह्यांतल्या सहकाऱ्यांशी बोलणे होते तेव्हा थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते. एका विद्यापीठाकडे बोट दाखवले म्हणून बाकीच्यांनी सुटावे, असे मला नको आहे.

महोदय, आपल्या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी परिसरात नव्हे, आमच्यासारख्या महाविद्यालयांत शिकतात. पात्रता शुल्क तेही भरतात, परीक्षा शुल्क तेही भरतात. दीक्षान्त समारंभात पदव्यांचा जो आकडा अभिमानाने वाचला जातो, त्यात मोठा वाटा त्यांचाच असतो. प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम, निकाल, सगळे आपण ठरवता. आमच्या हातात शिकवण्यापलीकडे फारसे काही नाही. असे असताना नोकरीपुरतेच आम्ही 'आपल्या स्तरावर' का?

आमच्या स्तरावर काय आहे ते सांगते. प्लेसमेंट सेलला स्वतंत्र खोली नाही, स्टाफरूममधले एक कपाट आहे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही, लिपिक नाही. कित्येक महाविद्यालयांत ही जबाबदारी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. ज्याची स्वतःची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची असते, मानधन वेळेवर येत नसते, त्यानेच कंपन्यांच्या एचआरना फोन करून मुलांना नोकऱ्या मिळवून द्यायच्या. आणि फोन केला तरी काय होते? समोरून पहिला प्रश्न येतो, 'मुले किती आहेत?' आमच्या रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या तुकडीसाठी कोणतीही कंपनी दिवसभराचा प्रवास करून येणार नाही, आणि त्यात तिची काही चूकही नाही. एका औषध कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मला अगदी आपुलकीने सांगितले, 'मॅडम, पाच-सहा कॉलेजे एका ठिकाणी आणा, आम्ही पूर्ण टीम घेऊन येतो.' पाच-सहा महाविद्यालये, तीही वेगवेगळ्या संस्थांची, एका ठिकाणी आणण्याचा अधिकार माझ्यासारख्या प्राध्यापिकेला नाही. आपल्याला तो आहे. आपल्या सहीचे एक पत्र गेले की प्राचार्य एकत्र बसतात, हे आम्ही परीक्षा केंद्रांच्या आणि युवक महोत्सवाच्या वेळी दरवर्षी पाहतो.

अहवालांचेही सांगितले पाहिजे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याचा आणि त्यांच्या प्रगतीचा आहे. किती जणांना करिअर मार्गदर्शन दिले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, हे त्यात विचारले जाते. प्रश्न अगदी योग्य आहेत. पण उत्तरे तयार करण्यासाठी काय होते, तर एका सकाळी पाहुणे व्याख्याते येतात, 'व्यक्तिमत्त्व विकास व मुलाखत तंत्र' असा फलक लागतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात, फोटो निघतात आणि सगळे फाईलला लागते. ज्या मुलांनी सह्या केल्या, त्यांना दुसऱ्या दिवशी अर्ज कुठे करायचा हे माहीत नसते. अशा कार्यक्रमांची संख्या विचारण्याऐवजी, त्यातून कोण कुठे लागले आणि किती पगारावर लागले, हे आपण विचारावे. आम्हाला उत्तर द्यायला जड जाईल, पण ते विचारले गेले पाहिजे.

मुलाखतीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण आमच्या मुलांना काहीच येत नाही, हा समज मला मान्य नाही. तृतीय वर्षाच्या एका मुलीची सराव मुलाखत घेत होते. 'स्वतःबद्दल सांग' म्हटल्यावर तिने 'मायसेल्फ'पासून सुरू होणारी पाठ केलेली चार इंग्रजी वाक्ये म्हटली आणि पाचव्याला अडली. मग द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाबद्दल मी मराठीत विचारले, 'टायट्रेशनमध्ये एंड पॉइंट आला हे तू कसे ओळखतेस?' ती लगेच म्हणाली, 'मॅडम, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग अगदी फिका गुलाबी यायला हवा आणि फ्लास्क हलवल्यावरही अर्धा मिनिट टिकायला हवा. गडद झाला तर आपण पुढे गेलो, ते रीडिंग धरायचे नाही.' गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी लागते ते ज्ञान तिच्याकडे होते, प्रामाणिकपणाही होता. तिला हवी होती तेच इंग्रजीत सांगण्याची सवय, आणि ती एका सकाळच्या व्याख्यानाने लागत नाही. आठवड्याला एक तास, वर्षभर, आपापल्या विषयातल्या प्रश्नांवर बोलण्याचा सराव घेणारी व्यक्ती हवी.

त्याच मुलाखतींत आणखी एक प्रश्न हमखास येतो, 'एचपीएलसी हाताळले आहे का?' औषधातले घटक वेगळे करून मोजणारे ते उपकरण आमच्याकडे नाही आणि महाविद्यालयाच्या ऐपतीत ते बसणारही नाही. आपल्या रसायनशास्त्र विभागात ते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्यांतल्या मुलांना आठवडाभर तिथे येऊ दिले, नमुना तयार करण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत एकदा स्वतःच्या हाताने करू दिले, तर कुरकुंभ, महाड, लोटे, तारापूर अशा रासायनिक पट्ट्यांतल्या कंपन्यांत त्यांचा अर्ज निदान बाजूला पडणार नाही. वाणिज्यच्या मुलांचेही असेच आहे. जीएसटीचे विवरणपत्र कसे भरतात, हे ती परीक्षेत लिहितात. प्रत्यक्ष भरलेले कोणी पाहिलेले नसते.

आता सर्वांत मोठी तक्रार, निकालांची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांच्या आत लावायचा असतो. निकाल रखडले तर काय होते, हे राज्याने २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात पाहिले. संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीशिवाय आणली, निकाल महिनोन्महिने लांबले आणि त्याच वर्षी तिथल्या कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. तेव्हा बातम्या आल्या कारण विद्यापीठ मोठे होते आणि विद्यार्थी लाखांत होते. आमच्याकडे एकेकट्या मुलांचे निकाल अडकतात, त्यांच्या बातम्या होत नाहीत.

माझ्या एका विद्यार्थिनीची औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत निवड झाली. ऑफर लेटर आले, त्यात जॉइनिंगच्या वेळी अंतिम वर्षाची गुणपत्रिका हवी असे स्पष्ट लिहिले होते. निकाल लागला तेव्हा तिच्या नावापुढे 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. कारण विचारले तर एका विषयाचे अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर दिसत नाहीत. आम्ही ते मुदतीत भरले होते, भरल्याची छापील प्रत आमच्याकडे होती. ती प्रत घेऊन मुलगी वडिलांबरोबर एसटीने विद्यापीठात गेली. परीक्षा विभागाच्या खिडकीवर 'अर्ज ठेवून जा' एवढेच सांगण्यात आले. पुन्हा गेली तेव्हा अर्ज दुसऱ्या टेबलावर होता आणि त्या टेबलावरचे कर्मचारी रजेवर. कंपनीने मुदत वाढवून दिली, नंतर आणखी एकदा दिली, आणि मग ती जागा दुसऱ्याला दिली. दुरुस्त गुणपत्रिका आली ती विशेष प्राविण्याची. आज ती मुलगी गावातल्या मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर काम करते. त्या कामात कमीपणा नाही. पण तिने मिळवलेली नोकरी तिच्या हातून गेली ती तिच्या अभ्यासामुळे नव्हे, एका नोंदीमुळे, आणि ती नोंद दुरुस्त करायला आपल्या कार्यालयात कोणालाही अर्धा तास पुरला असता. मी हे रागाने लिहीत नाही असे म्हणणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता कार्यप्रशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण (ओजेटी), आणले आहे. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ओजेटी किंवा क्षेत्र प्रकल्पाला ४ श्रेयांक (क्रेडिट) आहेत, पदवीच्या आराखड्यातही त्यांना जागा आहे. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण मुलांना पाठवायचे कुठे, हे विद्यापीठाने सांगितलेले नाही. आमच्या तालुक्यात एक सहकारी साखर कारखाना आहे. त्याची प्रयोगशाळा रसायनशास्त्राच्या मुलांसाठी उत्तम, रसातले विरघळलेले घटक (ब्रिक्स), साखरेचे प्रमाण (पोल), शुद्धता सगळे तिथे रोज काढतात. पण ती चालते गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून साधारण मार्चपर्यंत. आपले वेळापत्रक मुलांना ओजेटीसाठी मोकळे करते ते परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्यात. तेव्हा कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती चालू असते आणि प्रयोगशाळेला कुलूप. वेळापत्रक ठरवताना कोणी एखाद्या तालुक्यात फोन करून विचारले असते तरी हे कळले असते. परिणाम असा, की काही मुले ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणतात, काही ठिकाणी ते पैसे देऊन मिळते, आणि आम्ही त्यावर श्रेयांक देतो.

मुलींची अडचण वेगळी आहे. औद्योगिक वसाहतीतली पाळी सकाळी लवकर सुरू होते, गावातून निघणारी पहिली एसटी तोपर्यंत पोचत नाही. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्याचा खरोखर उपयोग होतो. पण गाडीच नसेल तर सवलत काय कामाची? शहरात राहायचे तर खोलीचे भाडे आणि खानावळ. घरचे लोक म्हणतात, एवढ्या-तेवढ्यासाठी नको. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांत खोल्या रिकाम्या असतात. त्या या मुलींना का देता येऊ नयेत?

ज्या योजना अस्तित्वात आहेत त्यांची माहितीदेखील खाली पोचत नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांसाठीही खुला झाला, म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही वर्षभर पगारी उमेदवारी करता येते. २०१९ मध्ये नियम बदलून पदवीधरांचे किमान विद्यावेतन महिन्याला ९,००० रुपये झाले, आणि केंद्राच्या नॅट्स या शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्याचा निम्मा भार सरकार उचलते. आपल्या भागासाठीचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईतच आहे. आमच्या वर्गात मी याबद्दल विचारले तेव्हा एकाही मुलाने नॅट्सचे नाव ऐकलेले नव्हते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन. ती मात्र गावोगावी माहीत झाली, कारण तिच्या जाहिराती झाल्या. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्या मुलांपुढेही उभा आहे. या सगळ्या योजना एका कागदावर, मराठीत, पात्रता आणि अर्जाच्या पद्धतीसह छापून प्रत्येक महाविद्यालयाला देणे विद्यापीठाला अवघड नाही.

माहितीची जागा रिकामी राहिली की ती दुसरे कोणीतरी भरते. 'ऑफिस जॉब, राहण्याची सोय, पगार इतका' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो. मुलगा शहरात पोचतो, नोंदणीचे पैसे भरतो, मग प्रशिक्षणाचे भरतो, आणि आठवड्याभराने कळते की काम म्हणजे गावातल्या आणखी मुलांना याच साखळीत आणायचे. फसलेली मुले हे घरी सांगत नाहीत. काही जण मला सांगतात, तेही खूप उशिरा. यातल्या एकाही जाहिरातीची शहानिशा करून द्यायला त्यांच्याजवळ कोणी नव्हते.

स्पर्धा परीक्षांना माझा विरोध नाही. माझे काही विद्यार्थी आज पोलीस दलात आणि महसूल खात्यात आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. पण २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीवला ९०० रुपये शुल्क होते. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदे होती आणि अर्ज १७ लाखांच्या वर. आमच्या बहुतेक कला शाखेच्या मुलांना हा एकच रस्ता माहीत असतो, कारण अभ्यासिका आणि क्लासचे फलक तालुक्यात पोचले आहेत, आपला प्लेसमेंट कक्ष पोचलेला नाही. पंचविशी-तिशी ओलांडेपर्यंत मुले त्याच रस्त्यावर थांबतात, आणि त्यांना दुसरे काही दाखवायचे काम आपण केले नाही.

आता मागण्या. त्या अवास्तव नाहीत.

१. यंदाचे परिपत्रक दुरुस्त करा. मध्यवर्ती प्लेसमेंट कक्षाची नोंदणी संलग्नित महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, कोणतेही शुल्क न घेता, खुली करा.

२. लगतच्या महाविद्यालयांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक पूर्णवेळ, पगारी प्लेसमेंट अधिकारी द्या. मुलाखती गटाच्या ठिकाणी घ्या, विद्यापीठाच्या गावी नव्हे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हे काम विनामोबदला देणे थांबवा.

३. निकाल ४५ दिवसांत. ज्यांच्या हातात ऑफर लेटर आहे त्यांच्या राखीव निकालासाठी परीक्षा विभागात वेगळे टेबल ठेवा आणि आठ दिवसांत निर्णय द्या. तोपर्यंत कंपनीला दाखवता येईल असे विद्यापीठाच्या सहीचे पत्र त्याच दिवशी मिळावे. एखाद्या मुलीला त्यासाठी वडिलांना घेऊन खेटे घालावे लागू नयेत. महाविद्यालयाने ईमेल केली की पुरे.

४. ओजेटीसाठी साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका, सीए कार्यालये, ग्रामीण रुग्णालये आणि औद्योगिक वसाहतींतल्या संघटना यांच्याशी विद्यापीठाने स्वतः करार करावेत. काळ कोणता, हे महाविद्यालयाला हंगाम पाहून ठरवू द्यावे. मुलींच्या राहण्याची सोय वसतिगृहांत करावी.

५. अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याची नॅट्सवर नोंदणी महाविद्यालयातच करून घ्यावी आणि त्यासाठी एक दिवस ठरवून द्यावा.

६. विद्यार्थ्यांकडून पैसे मागणाऱ्या एकाही कंपनीला किंवा एजन्सीला आपल्या मेळाव्यांत जागा नको. शंका असलेली जाहिरात पडताळून द्यायला एक फोन क्रमांक हवा आणि तो उचलणारा माणूस हवा.

७. दरवर्षी अभ्यासक्रमनिहाय खरे आकडे प्रसिद्ध करा : किती पदवीधर, किती जणांना नोकरी, कायम की कंत्राटी, पगार किती. आकडे लाजिरवाणे असले तरी प्रसिद्ध करा. प्रवेश घेणाऱ्या मुलाला आणि त्याच्या पालकांना ते माहीत असण्याचा हक्क आहे.

यासाठी पैसे लागतील हे मला समजते. पण निकालांचे टेबल, वसतिगृहाच्या खोल्या, सुट्टीतली प्रयोगशाळा आणि दुरुस्त परिपत्रक यांना नवा निधी लागत नाही, निर्णय लागतो. तेवढे तरी याच सत्रात व्हावे. अधिसभेच्या सदस्यांना मला आठवण करून द्यायची आहे की पदवीधर मतदारसंघातून निवडून येताना आपण ज्यांची मते घेतली ते हेच विद्यार्थी आहेत. येत्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि झालेली चर्चा जाहीर करा.

आमच्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या काही प्राचार्यांनी पहिल्या गट-मुलाखतींसाठी सभागृह, संगणक कक्ष आणि मुलांच्या दुपारच्या जेवणाची व्यवस्था करण्याची तयारी दाखवली आहे. ज्या कंपनीच्या अधिकाऱ्यांचा वर उल्लेख केला, तेही यायला तयार आहेत. आम्हाला विद्यापीठाचे पत्र आणि तारीख हवी आहे. पुढच्या महिन्याअखेरपर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका व प्लेसमेंट सेल समन्वयक,
एक संलग्नित महाविद्यालय